दिल्लीच्या आरोग्यमंत्र्याचं ऑफिस : ५ पैकी ३ स्टार, आणि ते पण जुन्या मालाच्या जिवावर

रिव्ह्यू कशाचा लिहायलोय तर केंद्रीय आरोग्यमंत्र्याच्या ऑफिसचा. हसू नका राव. मोबाईलच्या कव्हरला लोक स्टार देतात, ढाब्यावरच्या शेवभाजीला देतात, मग ज्या ऑफिसच्या नावाचं कार्ड खिशात घालून माणूस अँजिओप्लास्टीला जातो त्याला द्यायला काय हरकत आहे. मी बीड जिल्ह्यात सीएससी, म्हणजे सरकारी योजनांची ऑनलाइन कामं करून देणारं सेंटर चालवतो, आयुष्मान कार्ड, पीएम किसान, पीक विमा, लाडकी बहीण सगळं आमच्याच खुर्चीसमोरून जातं. दिल्लीत मौलाना आझाद रोडला निर्माण भवन म्हणून बिल्डिंग आहे, वर्षानुवर्षं हे खातं तिथूनच चाललेलं, मी काय ती बघितलेली नाही. पण तिथून जे निघतं ते फिरत फिरत आमच्या काउंटरवर येऊन पडतं आणि लोकांच्या शिव्या पण इथंच पडतात, त्यामुळं बोलायचा हक्क तर आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण नव्वद टक्के भांडण तिथंच आहे. लोकांना वाटतं आरोग्यमंत्री म्हणजे देशातल्या सगळ्या दवाखान्यांचा मालक. तसं नाहीये. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, दवाखाने, स्वच्छता हे सगळं राज्याच्या यादीत टाकलंय. तुमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, सिव्हिलला गोळ्या नाहीत, तर दिल्लीचा मंत्री कायद्यानं त्याला सरळ जबाबदारच नाही. हे ऑफिस म्हणजे मोंढ्यातलं होलसेलचं दुकान समजा, तिथं जाऊन पावशेर साखर मागितली तर सेठ तुमच्याकडं बघणार पण नाही. तिथून तीनच गोष्टी निघतात, पैसा, कायदा आणि याद्या. पैसा म्हणजे एनएचएमचा, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. २०२५-२६ ला खात्याचं सगळं बजेट जवळपास १ लाख कोटी, त्यातले ३७ हजार कोटी एकट्या एनएचएमला. ऐकायला लई वाटतं, १४० कोटी डोक्यांनी भागून बघा.

आणि आपल्याकडं तर अजून एक घोळ. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य खातं वेगळं, वैद्यकीय शिक्षण खातं वेगळं. पीएचसी, ग्रामीण रुग्णालय एकाकडं, संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल, अंबाजोगाईचं स्वाराती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, लातूर-नांदेडची मेडिकल कॉलेजं दुसऱ्याकडं. ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २४ तासात २४ माणसं गेली, त्यात बारा तर नुकतीच जन्मलेली लेकरं, देशभर बातमी झाली. तेव्हा आमच्या सेंटरवर बसलेली चार पोरं चार वेगवेगळ्या मंत्र्यांना शिव्या द्यायली होती आणि कोणत्या मंत्र्याचं खातं कोणतं हे एकालाही धड सांगता येईना. मला विचाराल तर या पदाचा सगळ्यात मोठा ड्रॉबॅक हाच, नाव मोठं आणि तक्रारीची खिडकीच नाही.

आता जुना माल बघू, कारण सुरवातीचा माल खरंच भारी होता.

पहिल्या मंत्री राजकुमारी अमृत कौर, कपूरथळ्याच्या राजघराण्यातली बाई, गांधीजींची कितीतरी वर्षं सेक्रेटरी राहिलेली. १९४७ ते १९५७, सलग दहा वर्षं त्याच खुर्चीवर. गंमत म्हणजे बाईंनी ऑगस्ट ४७ ला खातं हातात घेतलं तेव्हा आपण मराठवाडावाले त्यांच्या गिऱ्हाईकातच नव्हतो, आपण निजामात. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, म्हणजे आपलं खातं वर्षभर उशिरानं उघडलं. तर या बाईंनी काय केलं, दिल्लीच्या एम्ससाठी हात धुवून मागं लागल्या, न्यूझीलंडकडून कोलंबो प्लॅन नावाच्या मदत योजनेतून पैसे आणले, १९५६ ला कायदा करून घेतला आणि सिमल्याचं स्वतःचं घर एम्सच्या डॉक्टर-नर्सना सुट्टीत राहायला देऊन टाकलं. स्वतःचं घर! आजकालचे मंत्री सरकारी बंगला सोडत नाहीत. मधी १९५० ला जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्ष पण झाल्या, तिथं बसणारी पहिली बाई आणि पहिली आशियाई माणूस. क्षयाच्या बीसीजी लसीची मोहीम, १९५३ चा मलेरियाचा कार्यक्रम, सगळं त्यांच्याच काळातलं. आमच्या गावातली जुनी माणसं अजून सांगतात, फवारणीवाले यायचे, पावडरचा वास आठवडाभर जायचा नाही, आणि जाताना भिंतीवर तारीख लिहून जायचे.

तेच १९५६ साल आपल्या घाटीच्या मेडिकल कॉलेजचं पण आहे, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला. दिल्लीला एम्स, आपल्याला घाटी. बरं एम्स नंतर कितीतरी ठिकाणी झाली, महाराष्ट्राला मिळाली ती नागपूरला, डिसेंबर २०२२ ला तिचं उद्घाटन आणि समृद्धीचा पहिला टप्पा एकाच दिवशी उरकला. मराठवाड्याला अजून नाही. म्हणजे जालन्याच्या माणसाला आता एम्सला जायला रस्ता झक्कास झालाय, फक्त टोल भरायचा. एक अर्धा स्टार मी इथंच कापलाय.

हां, अगदीच काही दिलं नाही असं म्हणलं तर खोटं होईल. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात घाटीला आणि लातूरच्या विलासराव देशमुख मेडिकल कॉलेजला सुपरस्पेशालिटी ब्लॉक मिळाले, एकेक दीडशे कोटींचा, त्यातले १२० केंद्राचे आणि ३० राज्याचे. बिल्डिंगा बघून घ्या, चकाचक. पण पुन्हा तेच, बिल्डिंग दिल्लीच्या पैशाची आणि आत बसायचा न्यूरोसर्जन राज्यानं भरायचा. भिंती लवकर होतात, माणूस लवकर मिळत नाही.

पीएचसी ही आयडिया पण या ऑफिसच्या जन्माआधीची, इंग्रज सरकारनं नेमलेल्या भोर कमिटीची, १९४६ चा रिपोर्ट. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारायचा नाही असं त्यात इंग्रजांच्या राज्यातच लिहून ठेवलेलं. मग १९५२ पासून पीएचसी निघाली. आता नियम असाय की सपाटीवर ३० हजार लोकांमागं एक पीएचसी आणि ५ हजारांमागं एक उपकेंद्र. उपकेंद्राला २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणायचं. बोर्ड बदललाय, सिस्टर तीच आहे, आणि ती चांगली आहे म्हणून गाव चाललंय.

मधल्या काळातलं एकच प्रकरण सविस्तर सांगतो कारण त्याचा रिव्ह्यू आमच्या म्हाताऱ्यांनी आधीच देऊन ठेवलाय. आणीबाणी. तेव्हा आरोग्यमंत्री करण सिंह. हेच १९७४ ला बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत म्हणाले होते की विकास हीच सगळ्यात चांगली संतती नियमनाची गोळी, असा काहीतरी अर्थ होता, आणि मग एप्रिल १९७६ ला यांच्याच खात्याचं लोकसंख्या धोरण आलं, १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या. महाराष्ट्रानं तर सक्तीच्या नसबंदीचं बिलच विधिमंडळात पास करून टाकलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. त्याच वर्षी ४२ वी घटनादुरुस्ती करून कुटुंब नियोजन हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या सामायिक यादीत घातला, म्हणजे बघा, दवाखाना राज्याचा पण नसबंदीत दिल्लीला हात घालता आला पाहिजे! १९७७ ला सरकार पडलं, खात्याच्या नावातलं नियोजन जाऊन कल्याण आलं, कुटुंब कल्याण. आमच्या शेजारचे एक आबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांना आयुष्मान कार्डासाठी अंगठा लावा म्हणलं तर म्हणले, "पोरा, सरकारी माणसानं अंगठा मागितला की आमचा जीव खालीवर होतो, आधी सांग ऑपरेशन कुणाचं करणार." सेंटरमधली सगळी हसली, आबा नाही हसले.

मग आले राज नारायण, ज्यांनी इंदिरा गांधींना आधी कोर्टात आणि मग रायबरेलीत हरवलं तेच. लोकांना ते जोकर वाटायचे पण २ ऑक्टोबर १९७७ ला गावातलाच माणूस शिकवून आरोग्यरक्षक करायची योजना यांच्याच काळात निघाली. योजना पुढं बारगळली, पण आयडिया मेली नाही. २००५ ला अन्बुमणी रामदास मंत्री असताना एनआरएचएम, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागं एक आशाताई आली. माझ्या मते या ऑफिसातून निघालेली गेल्या वीस वर्षातली सगळ्यात दणकट वस्तू म्हणजे आशाताई. बाळंतपणाला रात्री जीप कुणी शोधली, टीबीच्या गोळ्या कुणी आणून दिल्या, लेकरांचा डोस कधी आहे ते दारात येऊन कुणी सांगितलं, कोरोनात कुणी घरोघरी फिरून ऑक्सिजन मोजला? २०२२ ला डब्ल्यूएचओनं त्यांना पुरस्कार पण दिला. आणि पगार? पगार नाहीच, मोबदला आहे, कामागणिक, आणि तो वाढवून घ्यायला दरवेळी संप. पाच स्टार आशाताईला, दोन स्टार तिला पगार न देणाऱ्यांना, यात केंद्र आणि राज्य दोघं आले.

लसीकरणाला मात्र मी काहीच नाव ठेवणार नाही. देवीचा रोग १९७५ ला देशातून गेला, तुमच्या आजीच्या दंडावरचा तो गोल व्रण हीच त्याची पावती. १९८५ ला सगळ्या लेकरांना लसी द्यायचा कार्यक्रम, १९९५ ला पल्स पोलिओ, २०११ च्या जानेवारीत हावड्याला शेवटची पोलिओची केस आणि मार्च २०१४ ला सर्टिफिकेट. या एवढ्या वर्षात मंत्री किती बदलले मोजा, ए. आर. अंतुले होते, शत्रुघ्न सिन्हा होते, सुषमा स्वराज होत्या, गुलाम नबी आझाद होते, काही तर वर्षभर पण टिकले नाहीत. तरी बर्फाच्या डब्यात लस तांड्यापर्यंत पोचत राहिली. मंत्री कोण आहे याच्यावर जी गोष्ट अवलंबून नाही तीच या ऑफिसची चांगली गोष्ट, हे माझं ठाम मत.

कायद्यांचं उलटं. कायदे दिल्लीतून एकदम कडक निघतात आणि इथं येईपर्यंत नरम पडतात. गर्भलिंग निदानाचा कायदा १९९४ चा, १९९६ पासून लागू, आणि २०११ च्या जनगणनेत आमच्या बीडला सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागं ८०७ पोरी. लाज वाटावी असा आकडा. तंबाखूचा कायदा २००३ चा, सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी, दोनशे रुपयांपर्यंत दंड, पाकिटावर ८५ टक्के जागेत ते कॅन्सरचं चित्र. आमच्याकडं त्या चित्रावर बोट ठेवून माणूस विचारतो, "हेच द्या, परवाचंच." आणि गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे हे सांगितलं तर लोक अजून हसतात.

आता मेन प्रॉडक्ट, आयुष्मान कार्ड. यावर जरा वेळ घेतो.

२३ सप्टेंबर २०१८ ला रांचीतून सुरू झालं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, दवाखान्यात पैसे भरायचे नाहीत. चालवते नॅशनल हेल्थ ऑथॉरिटी, तिच्या बोर्डाचे अध्यक्ष आरोग्यमंत्रीच. आयडियाला नाव ठेवायला जागाच नाही, बायपासचं बिल बघून ज्यानं दोन एकर विकलं त्याला विचारा. पण नावं कुठून घेतली, तर २०११ च्या सामाजिक आर्थिक जात सर्व्हेतून. म्हणजे सात वर्षं जुनी यादी. मधल्या काळात पोरगं वेगळं निघालं, सून आली, म्हातारी गेली, यादी तिथंच. आमच्याकडचा निम्मा तालुका कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर, आणि नेमकी ज्यांना कार्डाची गरज ती माणसं येऊन विचारायची "आमचं नाव हाय का" आणि मी स्क्रीनवर बघून मान हलवायचो. शेजारच्या चारचाकीवाल्याचं नाव हाय, तुमचं नाही. आता ते कसं सांगायचं माणसाला. शिव्या कुणाला बसणार, मलाच.

ते थोडं सुटलं ते राज्यामुळं. आपली २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी, जिचं नंतर महात्मा फुले जनआरोग्य झालं, ती दिल्लीच्या योजनेला जोडली आणि २०२३ ला राज्यानं ठरवलं की रेशन कार्डवाल्या सगळ्यांनाच ५ लाखांचं कव्हर. त्यामुळं आता "हे कार्ड दिल्लीचं का मुंबईचं" हा प्रश्न दिवसातून किती वेळा येतो विचारू नका. मी सांगतो, बप्पा, कुणाचं का असेना, दवाखान्यात चाललं म्हणजे झालं.

केवायसीचा वेगळाच ताप. ऊस तोडून, कापूस वेचून ज्या बोटांच्या रेषाच गेल्या त्या मशीनला कशा दिसणार. मग ओटीपी, तर मोबाईल आधारला लिंक नाही. मग चेहऱ्यानं, हे फेसवालं आल्यापासून खरंच सोपं झालंय, अर्धा स्टार त्याला परत देतो. आणि कार्ड हातात आलं म्हणजे संपलं असं पण नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईला एका प्रायव्हेट दवाखान्यात कार्ड दाखवलं तरी आधी डिपॉझिट भरा म्हणले, दवाखान्याचं नाव घेत नाही, योजनेच्या यादीत होता. शेवटी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला शोधून काढला, तो जेवायला गेला होता, तो आल्यावर दहा मिनिटात काम झालं. तर लक्षात ठेवा, डॉक्टरशी भांडत बसू नका, आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारा, नाहीतर १४५५५ ला फोन लावा.

अजून एक गंमत, स्वस्त गोळ्यांचं जनऔषधी केंद्र आरोग्य खात्याचं आहे असं तुम्हाला वाटत असेल ना? ते रसायन आणि खतं मंत्रालयाकडं. औषधाच्या किमती ठरवणारे पण तिकडंच. नीटची परीक्षा घेणारी एनटीए शिक्षण मंत्रालयाची, आणि त्या परीक्षेतून जी पोरं डॉक्टर होणार त्यांचं नियमन करणारं मेडिकल कमिशन मात्र आरोग्यचं. लातूरला क्लासवाल्या गल्लीत उभं राहून हे समजावून सांगून बघा. मनसुख मांडवियांकडं आरोग्य आणि खतं दोन्ही होती, आता जे. पी. नड्डांकडं पण दोन्ही आहेत, त्यामुळं युरियाची टंचाई आणि डायलिसिस एकाच माणसाच्या टेबलावर. शेतकऱ्याच्या दृष्टीनं बघितलं तर सोयीचंच म्हणा.

कोरोनाचं थोडक्यात. १६ जानेवारी २०२१ ला लस सुरू, १ मेपासून १८ च्या वरच्यांना, पण आधी कोविन ॲपवर रजिस्ट्रेशन. शहरातली पोरं बोटं फास्ट चालवून खेड्यातले स्लॉट उचलायची आणि गावातला माणूस उपकेंद्राबाहेर उभा. जुलैत डॉ. हर्षवर्धन यांनी राजीनामा दिला, मांडविया आले. आमच्याकडं मात्र त्या काळातला आरोग्यमंत्री कोण म्हणलं तर लोक राजेश टोपेंचंच नाव घेतात, जालन्याचे, रोज टीव्हीवर दिसायचे. दिल्लीचा कोण होता ते आठवायला गुगल लागतं. केंद्रात गृहमंत्री आपण दोन दिले, शंकरराव चव्हाण आणि शिवराज पाटील, पण आरोग्याचं कॅबिनेट खातं मराठवाड्याच्या वाट्याला काही आलं नाही. आता राज्यमंत्री प्रतापराव जाधव आहेत, बुलढाण्याचे, म्हणजे जालन्याच्या शिवेला लागून. बघू काय होतं.

तर हिशोब असा, लसीला आणि आशाला पूर्ण मार्क, कार्डाला साडेतीन, कायद्यांच्या अंमलबजावणीला दीड, तक्रार निवारणाला काय द्यायचं तुम्हीच सांगा. ॲव्हरेज ३. एम्स आली तर एडिट करून वाढवीन.

आणि घरात कुणी ७० च्या वरचं असेल तर ऐका, ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड निघायलंय, उत्पन्नाची अट नाही, यादी नाही, रेशन कार्डाचा रंग कुणी विचारत नाही, फक्त आधारवर वय ७० पाहिजे. घरच्यांचं आयुष्मान आधीच असेल तरी म्हाताऱ्यांना वेगळे ५ लाख मिळतात. आधारवर जन्मतारीख चुकीची पडली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. आणि सोबत यायला पोरगं लागतंच असं नाही, पण पोरं फडावर जायच्या आत, दसरा-दिवाळीच्या मधी उरकून घ्या, नंतर गावात म्हाताऱ्याला सेंटरपर्यंत आणून सोडायला गाडीवालं कुणी राहत नाही.